वाचकांचे प्रश्न : संकटकाळात निसर्गाचा आधार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 47 आहे. यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीन वेळा त्यांचे डायलिसिस असते. त्यातच मुलाची नोकरी गेली. पूर्वी माझी रोजची पूजा आणि हरिपाठ कधी चुकत नसे. आता देवासमोर बसले की ओठ हलतात, पण मन कोरडेच राहते. डायलिसिसच्या चार तासांत मात्र मी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला असलेल्या करंजाच्या झाडाखाली जाऊन बसते आणि तिथे मला खरोखर बरे वाटते. सासूबाई म्हणतात, “तो आत यंत्राला जोडलेला आणि तू झाडाखाली कसली बसतेस? त्यापेक्षा देवाचे नाव घे.” मी जबाबदारी टाळते आहे का? आणि झाडाखाली जे वाटते त्याला श्रद्धा म्हणता येईल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, तुम्ही जबाबदारी टाळत नाही. जबाबदारी टाळणारे माणूस दिवसभराचे पाणी मापाने देत नाही, भाजीतल्या मिठावर लक्ष ठेवत नाही आणि वेळ संपायच्या आत परत खाटेपाशी येऊन उभे राहत नाही. हे सगळे तुम्ही करता, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर अधिक बोलायची गरज नाही. दुसरा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागणारा आहे.

तुम्ही चिंचवडला राहता. देहूच्या परिसरातले भंडारा आणि भामचंद्र हे दोन्ही डोंगर तुमच्यापासून फार लांब नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच डोंगरांवर जाऊन बसणाऱ्या तुकोबांपाशी आहे. 1630 ते 1632 या वर्षांतल्या भीषण दुष्काळात त्यांच्या घरावर काय ओढवले ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे : “दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥” थोरली पत्नी गेली, मुलगा गेला, दुकान बसले आणि गावातली पतही गेली. या सगळ्यातून आलेल्या उद्वेगात त्यांनी काय केले, हे त्याच अभंगात पुढे आले आहे. देवाचे भंगलेले देऊळ दुरुस्त करावे असे त्यांच्या चित्तात आले. म्हणजे त्यांनी देवळाचे कामही हाती घेतले आणि डोंगरावरचा एकांतही धरला. या दोहोंपैकी एक काहीतरी निवडले पाहिजे, असे त्यांना कधी वाटल्याचे दिसत नाही. सासूबाईंचे देवघर आणि तुमचे करंजाचे झाड यांच्यात भांडण आहे असे आपण धरून चाललो आहोत, पण आपल्याच परंपरेत ते भांडण नाही.

“वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें” हा अभंग आपण शाळेत पाठ करतो, वृक्षारोपणाच्या फलकावर वाचतो आणि पहिल्या ओळीवरच थांबतो. तुमच्या परिस्थितीतल्या माणसासाठी त्यातली दुसरी कडवी अधिक मोलाची आहेत. “येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाहीं गुण दोष अंगा येत ॥” आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईकडे घरातले, नात्यातले आणि रुग्णालयातले सगळे जण सतत पारखून पाहत असतात. औषध वेळेवर दिले का, पथ्य मोडले का, चेहरा हसरा ठेवला का, देवाचे केले का. तिने काही चांगले केले तरी तिच्याकडून ते अपेक्षितच असते आणि काही राहून गेले तर ते लगेच दिसते. करंजाखाली तुमचा हिशेब कोणी मांडत नाही. तिथे बरे वाटण्याचे निम्मे कारण मला यातच दिसते आणि ते कारण अगदी प्रामाणिक आहे.

उरलेले निम्मे कारण त्याच अभंगाच्या शेवटी आहे : “तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥” हा आपल्याशीच चालणारा वाद नेहमी सुखाचा असेलच असे नाही. तुम्ही लिहिले आहे की कधी कधी तिथे बसल्यावर काही कारण नसताना रडू येते आणि मग अपराधी वाटते. कारण आहेच, ताई. घरी रडायला जागा नाही आणि वेळही नाही. झाडाखाली मन थोडे सैल झाले की दाबून ठेवलेले वर येते. ते येऊ द्यावे. एकांतात गेलेल्या माणसाला लगेच आनंदच व्हायला हवा अशी अपेक्षा ठेवली, तर तीही एक नवी परीक्षाच होऊन बसते.

श्रद्धेचे म्हणाल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून पाहा. ध्यानाला बसायची जागा कशी असावी, याचे वर्णन माउलींनी फार रमून केले आहे. दाट फळती झाडे, पावलोपावली निर्मळ पाणी, मंद वारा, अधूनमधून येणारे पक्षी असे सगळे त्यात आहे. अशा ठिकाणी पाखंडी माणूस आला तरी त्याच्या मनात तपाची आस्था उपजते आणि सहज वाटेने जाणारा संसारी माणूसही माघारी फिरायचे विसरतो, असे ते म्हणतात. श्रद्धा पक्की असेल त्यानेच तिथे यावे अशी अट त्यांनी घातलेली नाही. जागा आपले काम करते आणि माणसाच्या आत काहीतरी हलते, असा त्या ओव्यांचा रोख आहे. तुमचे मन आज देवघरात कोरडे राहते, यावरून श्रद्धा संपली असा निष्कर्ष काढू नका. फार दिवस थकलेले मन ठरावीक शब्दांना प्रतिसाद देत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. हरिपाठ म्हणावासा वाटला तर झाडाखाली म्हणा, नाही वाटला तर नुसत्या बसा.

बसताना एक करून पाहा. करंज तुमच्या समोरच आहे, त्याच्याकडे जवळून बघा. चैत्राच्या सुमारास त्याला नवी पालवी येते तेव्हा पाने इतकी तुकतुकीत असतात की त्यांवर ऊन घसरते आहे असे वाटते. काही दिवसांनी फिकट जांभळट-पांढऱ्या, बारीक फुलांचा सडा झाडाखाली पडतो आणि ती फुले वेचायला मुंग्यांची रांग लागते. जुनी पाने उचलून पाहिलीत तर किडीने पोखरलेल्या पांढुरक्या नागमोडी रेघा आणि पुटकुळ्या त्यांवर दिसतील. निरोगी, डौलदार करंजाच्या अंगावरही त्या असतात. एकच झाड असे ऋतूमागून ऋतू पाहत राहिले की त्याची ओळख होते, आणि मनाला आधार मिळतो तो या ओळखीतून. दर वेळी नव्या, रम्य ठिकाणी जाण्याची त्यासाठी गरज नाही.

झाडामुळे यजमानांच्या रक्ताच्या तपासण्या सुधारणार नाहीत आणि मुलाला नोकरीही लागणार नाही. तसा दावा कोणी केला तर त्याच्यापासून चार हात दूर राहा. तुमची झोप बरेच दिवस उडाली असेल, भूक मेली असेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर यजमानांच्या डॉक्टरांशीच स्वतःबद्दलही बोला. सासूबाईंना एकदा सोबत न्या. त्यांचाही मुलगा आत आहे आणि त्यांनाही घरी रडायला जागा नसावी. त्यांनी झाडाखाली जप केला आणि तुम्ही गप्प बसलात, तरी दोघींचा वेळ सारखाच सार्थकी लागेल.

प्रश्न : मी पुण्यात आयटी क्षेत्रात काम करतो. घटस्फोटानंतर मित्रांनी आग्रहाने दर शनिवार-रविवारी ट्रेकला न्यायला सुरुवात केली. राजगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड असे बरेच झाले. सगळे म्हणतात की डोंगरात गेल्यावर दुःख विसरायला होते. मला तर परतीच्या बसमध्ये अधिकच रिकामे वाटते. माझ्यातच काही उणे आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्यात काही उणे नाही. पावसाळ्यातल्या शनिवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागलेली असते, कोणाच्या तरी पाठपिशवीत स्पीकर वाजत असतो आणि माथ्यावर फोटोसाठी पाळी धरावी लागते. मित्रांनी तुम्हाला एकटे सोडले नाही हे फार चांगले केले. ती सोबत अवश्य टिकवा, पण त्या सोबतीकडून मनःशांतीची अपेक्षा करू नका. शिवाय दुःख विसरायचे या हेतूने निघाले की वाटेतल्या प्रत्येक गोष्टीला ‘विसरलो का’ हाच प्रश्न विचारला जातो. आठवड्यातून एखाद्या सकाळी वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर एकट्याने, कान मोकळे ठेवून तासभर चाला आणि लग्नाची आठवण आली तर येऊ द्या. गडांवर मात्र, विशेषतः पावसात, एकट्याने जाऊ नका. मन जड असताना पायाखालचे भान सुटते.

प्रश्न : माझे चिपळूणच्या बाजारपेठेत वडिलोपार्जित दुकान आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात दुकान आणि घराचा खालचा मजला पूर्ण बुडाला. ती रात्र आणि पुढचा दिवस आम्ही माळ्यावर काढला. आईची तब्येत त्यानंतर कायमची खालावली आणि पुढच्या वर्षी ती गेली. आजही आषाढात रात्री पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की मी उठून नदीकडे तोंड करून बसतो. अशा वेळी कोणी “निसर्गात जा, मन शांत होईल” असे म्हणाले की संताप येतो. ज्याने सगळे नेले त्याच्याकडेच सांत्वन मागायचे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे आणि तो या सदरात छापला जावा असे मला मनापासून वाटले. निसर्ग म्हणजे प्रेमळ आई, हे वाक्य ज्याच्या घरात गाळ शिरलेला नाही त्याला लिहिणे सोपे जाते. त्याच 22 जुलैच्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये वाडीवर दरड कोसळली. त्याआधी 30 जुलै 2014 रोजी माळीण गेले आणि नंतर 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. ही सगळी माणसे तुमच्या-माझ्यापेक्षा निसर्गाच्या कितीतरी जवळ राहत होती. त्यांच्यापुढे निसर्गाच्या कृपेचे गोडवे गाणे निर्दयपणाचे होईल.

चिंचवडच्या ताईंना उत्तर देताना मी तुकोबांचा उल्लेख केला. तुमच्या प्रश्नाच्या उजेडात तीच हकिकत वेगळी दिसते. त्यांच्या पत्नीचा जीव ज्या दुष्काळाने घेतला, तो पाऊस न पडल्यामुळेच आला होता. इंद्रायणीचे खोरे करपले होते, जनावरे मेली होती. आणि तरीही त्याच खोऱ्यातल्या डोंगरावर, त्याच आभाळाखाली हा माणूस जाऊन बसतो आणि “आकाश मंडप पृथिवी आसन” असे म्हणतो. निसर्ग दयाळू आहे म्हणून तो तिथे गेला, असे मला वाटत नाही. ज्या आभाळाने पाणी दिले नाही त्याच्याखालीच पुढचे सगळे आयुष्य काढायचे होते. त्याच्याकडे पाठ फिरवून ते आयुष्य निघाले नसते. तुम्हालाही चिपळूण सोडायचे नाही, असे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे. म्हणून वाशिष्ठी नदीशी पुन्हा बोलणे कधीतरी सुरू करावे लागेल. ते उद्याच करा असे मी म्हणणार नाही. ती वेळ तुम्हीच ठरवायची आहे.

तोवर दोन गोष्टी. पावसाच्या आवाजाने दचकून जागे होणे, छाती धडधडणे, त्या रात्रीची चित्रे डोळ्यांपुढून न जाणे, हे मोठ्या आपत्तीतून वाचलेल्या अनेकांना होते आणि त्यावर उपचार आहेत. इतकी वर्षे झाली तरी उशीर झालेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटत असेल तर ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. ध्यान, जप, फेरफटका यांपैकी कशानेही या उपचाराची जागा भरून निघत नाही.

दुसरे असे की, जे तुम्हाला घाबरवत नाही तिथून सुरुवात करा. तुमची भीती पाण्याशी आणि अंधाराशी बांधलेली आहे, मग पाऊस सरल्यावरची, पाण्यापासून लांबची जागा निवडा. भाद्रपद-आश्विनात तुमच्या भागातल्या कातळ-सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, जी फुले येतात ती वाकून, अगदी गुडघे टेकून पाहावी लागतात. जांभ्याच्या उथळ खळग्यात बोटभर माती साठते, तेवढ्यावर निळ्या सीतेच्या आसवांचा आणि पांढऱ्या गेंदांचा गालिचा उभा राहतो आणि ऊन तापले की काही आठवड्यांत सुकून जातो. वर्षातले बरेच महिने तो सडा काळा, भाजका दगड असतो. त्यातून तुम्ही काही बोध घ्यावा असे मी सुचवत नाही. फक्त सकाळच्या उन्हात तिथे जा, पायाखाली कोरडा दगड असू द्या आणि अर्धा तास भीतीविना जाऊ द्या. शरीराला असे अर्धे तास पुन्हा मिळू लागणे हेच तुमच्यासाठी आधी महत्त्वाचे आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. पुराचा सगळा दोष निसर्गाच्या माथी मारू नका. त्या दिवशीचा पाऊस अफाट होता आणि त्यात भरतीची भर पडली, हे खरेच. पण पात्रात वर्षानुवर्षे साचलेला गाळ, नदीकाठची बांधकामे आणि कोयनेच्या वीजगृहांतून वाशिष्ठीला मिळणारे पाणी हे माणसांचे विषय आहेत आणि त्यांवर माणसांना जाब विचारता येतो. चिपळूणकरांनी पुरानंतर गाळ काढण्यासाठी आंदोलन केले आणि वाशिष्ठी व शिव नदीतला गाळ काढायला लावला. तुम्ही त्यात होतात की नाही हे पत्रातून कळत नाही. नसाल तर जे लोक आजही हा प्रश्न धरून आहेत त्यांच्यात जाऊन बसा. दिवसाउजेडी, चार जणांसोबत, पाण्याची पातळी कुठवर आली, नाल्याचे तोंड मोकळे आहे का, हे पाहायला नदीवर जाणे आणि रात्री एकट्याने तिच्याकडे टक लावून बसणे यांत फार अंतर आहे. सांत्वनाचा शोध म्हणून नदीवर जायचे तुम्हाला जमणार नाही कदाचित, पण तिची काळजी घेणाऱ्यांतला एक म्हणून जमेल. आईच्या वर्षश्राद्धाला तुम्ही नदीवर जायचे टाळलेत, त्याची खंत बाळगू नका. घरी पाटावर केलेले तर्पणही पोहोचते, असे आपल्या आज्या-पणज्या मानत आल्या आहेत.

प्रश्न : वय 78. गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही आणि गुडघ्यांमुळे जिना उतरणे बंद झाले आहे. धाकट्या बहिणीच्या निधनानंतर फार एकटे वाटते. तुमच्या मासिकात निसर्गात रमण्याबद्दल लेख येतात, ते वाचून हळहळ वाटते. माझ्याकडे गॅलरीतली तुळस आणि समोरच्या इमारतींमधून दिसणारा आभाळाचा तुकडा एवढेच आहे.
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आजी, तुमच्याकडे जे आहे ते कमी समजू नका, असे तुमचे मन राखण्यासाठी मी म्हणत नाही. त्याला आधार आहे. रॉजर उल्रिच या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासून 1984 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 23 रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना सरासरी पाऊण दिवस आधी घरी सोडता आले आणि तीव्र वेदनाशामके कमी लागली. गट लहान होता, त्यामुळे त्यावर मोठे मनोरे रचू नयेत. पण नुसत्या खिडकीतूनही शरीराला काही पोहोचते, एवढे त्यातून म्हणता येते.

ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी नाझींपासून लपण्यासाठी जुलै 1942 ते ऑगस्ट 1944 ॲमस्टरडॅममधल्या एका इमारतीच्या मागच्या भागात कोंडून राहिली होती. पोटमाळ्याच्या खिडकीतून दिसणारे निळे आभाळ आणि एक चेस्टनटचे झाड यांबद्दल तिने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. पाने गळालेले ते झाड, त्याच्या फांद्यांवर चमकणारे थेंब आणि वाऱ्यावर तरंगणारे पक्षी पाहून तिला आणि तिच्या सोबत्याला बोलवेनासे झाले, असे ती सांगते. त्या झाडाने तिला वाचवले नाही. ती पकडली गेली आणि 1945 च्या सुरुवातीला छळछावणीत वारली. पण पोटमाळ्यावरच्या त्या सकाळी खऱ्या होत्या, आणि त्या तिला कुठेही न जाता मिळाल्या होत्या.

तुमच्या आभाळाच्या तुकड्यात सकाळी ऊन तापू लागले की घारी वर चढताना दिसतील. पंख न हलवता गिरक्या घेत त्या उंच जातात. उन्हाळ्यात पहाटे गिरगावातही दयाळ पक्षी गातो. तो गाड्यांचा आवाज सुरू होण्याआधी ऐकावा लागतो, आणि झोप लवकर उघडते अशी तुमची तक्रार आहेच. जुन्या चाळींच्या भिंतींत बहुधा कुठेतरी पिंपळाचे रोप उगवलेले असते, तेही शोधा. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीवर बसून पाहा आणि बहिणीला सांगितले असते तसे ते एखाद्या वहीत लिहा, अक्षर हलले तरी चालेल. तुम्ही दोघी रोज फोनवर काय बोलत होतात, हे तुम्ही फार सुंदर लिहिले आहे. ते बोलणे थांबवलेच पाहिजे असे कोणी सांगितले आहे?

तुळशीला पाणी घालताना लवकरच एक साथीदार घ्या. शेजारच्या शाळकरी मुलीचा उल्लेख तुमच्या पत्रात आहे. तिच्याकडून आणखी एक-दोन कुंड्या मागवून घ्या, ओवा आणि गवती चहा गॅलरीत सहज येतात. माती हलवायची, रोपे लावायची कामे तिला सांगा आणि पाने खुडून चहात घालायचे काम तुम्ही करा. कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात त्यात डास होतात.